बिळातला पाण्याचा हिशेब

सातूचे १०० ग्रॅम कोरडे दाणे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडल्या वाळवंटात राहणाऱ्या कांगारू-उंदराला एवढे दाणे साधारण महिनाभर पुरतात. त्या महिन्यात पाण्याचा एक थेंबही पोटात गेला नाही, तरी त्याचं वजन घटत नाही. दाण्यांत मुरलेला ओलावा त्याला मिळतो तो ६ ग्रॅम. दाणे पचून शरीरात जळतात तेव्हा तयार होणारं पाणी ५४ ग्रॅम. एकूण जमा ६० ग्रॅम. खर्चाच्या बाजूला लघवीत १३.५ ग्रॅम, लेंड्यांत २.६ ग्रॅम आणि श्वासावाटे व कातडीवाटे हवेत उडून जाणारे ४३.९ ग्रॅम. तेही एकूण ६०. हवेचं तापमान २५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असतानाचा हा जमाखर्च आहे.

वाळवंटी कृंतकांच्या, म्हणजे कुरतडून खाणाऱ्या प्राण्यांच्या, शरीरक्रियेवर गेल्या पाऊणशे वर्षांत जे काही लिहिलं गेलं, त्याचं मूळ या एवढ्याशा ताळेबंदात आहे. तो मांडला क्नुट आणि बोडिल श्मिट-नील्सन या दांपत्याने. पाठ्यपुस्तकांनी मात्र त्यातली एकच नोंद उचलून धरली, ती लघवीची. कांगारू-उंदीर म्हटलं की विद्यार्थी लगेच ‘शक्तिमान मूत्रपिंड’ असं लिहून मोकळे होतात. मूत्रपिंड अफलातून आहे, यात वाद नाही. पण आकडे पुन्हा पाहावेत: खर्चाचे जवळपास तीन चतुर्थांश हवेत जातात. तो खर्च नाकाने आणि बिळाने आवरला नसता, तर जगातलं कुठलंही मूत्रपिंड या प्राण्याला वाचवू शकलं नसतं. या विषयात शिरताना ही एक गोष्ट गाठीशी असली, की पुढचं बरंच सोपं होतं.

क्नुट नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे. बोडिल डेन्मार्कच्या, शरीरक्रियाशास्त्राचं १९२० सालचं नोबेल मिळवणाऱ्या ऑगस्ट क्रोग यांच्या कन्या. पुढे त्या अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. दोघं १९४६ साली अमेरिकेत आले आणि १९४७ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनजवळच्या वाळवंटात मुक्कामाला गेले. पाण्याशिवाय जगणाऱ्या या उंदरांबद्दल तेव्हा तर्कच जास्त होते. ते पहाटे दव चाटत असतील, रसाळ मुळं उकरून खात असतील, शरीरात कुठेतरी पाणी साठवून ठेवत असतील, असे.

या तर्कांची तपासणी त्यांनी फार साध्या रीतीने केली. उंदीर पिंजऱ्यात ठेवले, समोर फक्त कोरडे दाणे. प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर याच खुराकावर झपाट्याने खंगले. कांगारू-उंदीर आठवड्यामागून आठवडे टुणटुणीत राहिले. मग ते शरीर हळूहळू सुकवत नेत असतील का? त्यासाठी काही उंदीर मारून, त्यांची शरीरं पूर्ण वाळवून आधीचं आणि नंतरचं वजन ताडून पाहिलं. शरीरातलं पाणी वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश होतं, आणि आठवडे उलटले तरी ते प्रमाण हललं नव्हतं. थोडक्यात, साठा नव्हता आणि उधारीही नव्हती. रोजची आवक रोजच्या जावकीला पुरत होती.

जमेच्या बाजूचे ते ५४ ग्रॅम अनेकांना चमत्कार वाटतात. तो चमत्कार नाही. अन्नातला हायड्रोजन श्वासातल्या ऑक्सिजनशी जुळला की पाणी तयार होतं, आणि ते प्रत्येक प्राण्यात होतं. माणसाच्या शरीरातही दिवसाला साधारण पाव लिटर किंवा थोडं जास्त पाणी असं आपोआप तयार होत असतं. आपला खर्च इतका अवाढव्य असतो, की ही आवक आपल्या लक्षातही येत नाही. कांगारू-उंदराच्या पेशी एक ग्रॅम पिष्टापासून जेवढं पाणी काढतात तेवढंच आपल्याही काढतात: ०.५६ ग्रॅम. या बाबतीत त्याच्याकडे काहीही खास नाही.

इथेच उंटाच्या वशिंडाची जुनी गोष्टही निकालात निघते. एक ग्रॅम चरबी जळली की १.०७ ग्रॅम पाणी मिळतं, म्हणजे चरबीच्या वजनापेक्षा जास्तच. त्यावरून वशिंड म्हणजे पाण्याची टाकी, अशी समजूत पसरली. पण चरबी जाळायला ऑक्सिजन पुष्कळ लागतो. ऑक्सिजन हवा तर जास्त श्वास घ्यायला हवा, आणि कोरड्या हवेतला प्रत्येक श्वास फुप्फुसांतला ओलावा घेऊन बाहेर पडतो. एक लिटर ऑक्सिजनमागे किती पाणी पदरात पडलं, असा हिशेब केला तर पिष्ट चरबीला मागे टाकतं. प्रथिनांचा सौदा सर्वांत तोट्याचा. त्यांच्यापासून पाणी कमी मिळतं, वर युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकायला पुन्हा पाणी मोजावं लागतं. वाळवंटातल्या गवतांच्या पिठूळ बियांवर या उंदराने संसार थाटला आहे, त्यामागे हाही हिशेब आहे.

आता ते नावाजलेलं मूत्रपिंड. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांचं एक वळण दाखवून दिलं. नळी मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरते, केसाच्या आकड्यासारखी वळते आणि परत वर येते. तिचं काम काय, हे कळायला बराच काळ जावा लागला. वर चढणारी बाजू क्षार बाहेर फेकते, पण पाणी सोडत नाही. उतरणारा आणि चढणारा प्रवाह एकमेकांना खेटून उलट दिशांनी वाहत असल्यामुळे गाभा खाली खाली अधिकाधिक खारट होत जातो. शेवटी तयार होत आलेली लघवी गोळा करणाऱ्या नळ्या याच खारट गाभ्यातून खाली जातात आणि वाटेत त्यांच्यातलं पाणी बाहेर ओढलं जाऊन रक्तात परततं. वळण जितकं लांब, तितकी लघवी दाट होण्याची शक्यता जास्त.

स्वीडनचे इवार स्पेरबर यांनी १९४४ साली कितीतरी सस्तन प्राण्यांची मूत्रपिंडं चिरून हीच संगती दाखवली. पाण्यातच आयुष्य काढणाऱ्या बीव्हरच्या मूत्रपिंडात सगळी वळणं आखूड असतात. उत्तर आफ्रिकेच्या आणि पश्चिम आशियाच्या वाळवंटातल्या जाड्या वाळू-उंदरात सगळी लांब. कांगारू-उंदराच्या मूत्रपिंडाचा गाभा तर इतका लांबट असतो, की त्याचं टोक मूत्रपिंडाच्या कडेबाहेर थेट मूत्रवाहिनीत डोकावतं.

याचा परिणाम आकड्यांत असा दिसतो. रक्ताची तीव्रता सुमारे ३०० मिलीऑस्मोल असते. माणूस तहानेने व्याकूळ झाला तरी त्याची लघवी १२०० ते १४०० च्या पुढे सहसा जात नाही. कांगारू-उंदीर ५५०० च्या घरात पोचतो. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या उड्या मारणाऱ्या एका चिमुकल्या उंदराची लघवी रिचर्ड मॅकमिलन आणि अँथनी ली यांनी तपासली, आणि १९६७ साली ९००० च्याही वरचा आकडा जाहीर केला.

लघवी एवढी दाट करता आली, तर समुद्राचं पाणीसुद्धा पिता यायला हवं. श्मिट-नील्सन दांपत्याने तेही करून पाहिलं. अडचण अशी, की सातूवर जगणारा कांगारू-उंदीर पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून त्यांनी त्याला सोयाबीन खाऊ घातलं. प्रथिनं वाढली, युरिया वाढला, तो फेकायला पाणी लागू लागलं आणि उंदराला बहुधा जन्मात पहिल्यांदाच तहान लागली. मग समोर समुद्राचं पाणी ठेवलं. ते पिऊन उंदीर मजेत राहिले. माणसाच्या लघवीत मीठ फार तर २.२ टक्क्यांपर्यंत चढतं आणि समुद्रात क्षार असतात साडेतीन टक्के, त्यामुळे प्यायलेल्या प्रत्येक पेल्यागणिक माणूस आणखी कोरडा पडतो. कांगारू-उंदीर मात्र सात टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून समुद्राच्या पाण्यातूनही त्याच्या पदरी गोडं पाणी उरतं.

मूत्रपिंडाचा विषय अजून मिटलेला नाही, हे सांगणारा एक छोटा दाखला इथे द्यायला हवा. पेशीच्या पडद्यातून पाणी ये-जा करू देणाऱ्या ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काही संशोधकांनी कांगारू-उंदराचं मूत्रपिंड तपासलं, तेव्हा पाणी वाचवण्याच्या कामी येणारं चौथ्या क्रमांकाचं ॲक्वापोरिन तिथे भरपूर असेल अशीच कोणाचीही अपेक्षा असती. २००१ मध्ये जे छापून आलं ते उलटं होतं. त्या मूत्रपिंडात हे प्रथिन सापडलंच नाही.

पण खर्चाची मोठी नोंद हवेची आहे, आणि तिथली करामत नाकाची. ३७ अंशांची पूर्ण ओली हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ४४ ग्रॅम वाफ बाळगते. २७ अंशांना तिची ताकद २६ ग्रॅमवर येते. म्हणजे फुप्फुसातून निघालेली हवा नाकाबाहेर पडण्याआधी दहा अंशांनी थंड करता आली, तर चाळीस टक्के वाफ घरातच राहते. कांगारू-उंदीर नेमकं हेच करतो. आत येणारी कोरडी हवा नाकातल्या ओल्या अस्तरावरून जाताना तिथलं पाणी उडवते आणि अस्तर गार पडतं. परतणारी गरम, ओली हवा त्याच गार अस्तराला घासून जाते. तिच्यातली वाफ तिथेच निवते, पाणी होऊन अस्तरावर उतरते आणि पुढच्या श्वासाला उपयोगी पडते. उंदराच्या नाकातल्या वाटा इतक्या अरुंद आणि चक्राकार असतात, की हवेचा जवळजवळ प्रत्येक कण भिंतीला भिडतो. १९६४ मध्ये डोनाल्ड जॅक्सन आणि क्नुट श्मिट-नील्सन यांनी मोजमाप केलं, तेव्हा कोरड्या हवेत या प्राण्याचा उच्छ्वास भोवतालच्या हवेपेक्षाही थंड निघाला.

क्नुट यांना नाकांचा नाद पुढेही सुटला नाही. आपल्या आत्मचरित्राचं नावच त्यांनी उंटाच्या नाकावरून ठेवलं. ड्यूक विद्यापीठाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे, त्यातही त्यांच्यासमोर उंटच उभा आहे. ज्या चाळीस ग्रॅमच्या प्राण्याने त्यांना नाव मिळवून दिलं, त्याला त्या चौथऱ्यावर जागा मिळालेली नाही.

नाक कितीही हुशार असलं तरी तापलेल्या हवेत ते हतबल होतं, कारण भोवतालच तापलं की अस्तर गार पडायला वावच राहत नाही. म्हणून बीळ. श्मिट-नील्सन यांनी बिळातली आर्द्रता मोजण्यासाठी चिमुकली उपकरणं बनवली आणि ती उंदरांच्या शेपटीला बांधून सोडली. उंदीर उपकरणासकट बिळात शिरले आणि आतल्या हवेची नोंद आपसूक होत गेली. त्या हवेत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त ओलावा होता. प्रयोगशाळेत २५ अंशांना आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली गेली की सातूवरच्या उंदराचा जमाखर्च तुटीत जातो. बिळातल्या हवेत ती वेळ येत नाही. शिवाय गालांच्या केसाळ पिशव्यांत भरून आणलेलं बियाणं बिळात साठवलं, की ते तिथला ओलावा शोषतं. श्वासातून निसटलेल्या पाण्यापैकी थोडं दाण्यावाटे पुन्हा पोटात येतं.

घाम गाळून अंग गार करण्याची चैन या प्राण्याला परवडत नाही. उष्णता अगदीच जिवावर बेतली, तर एक अखेरचा उपाय असतो. तोंडाला लाळ सुटते आणि हनुवटीखालची, गळ्याखालची लव भिजते. तेवढ्याने तो थोडा वेळ तग धरतो. पण हे पाणी उसनं असतं. बीळ गाठलं नाही, तर खेळ संपतो.

सगळे वाळवंटी उंदीर याच वाटेने जातात असं समजलं, तर विषयाची अर्धी गंमत हातची जाईल. ॲरिझोनात कांगारू-उंदराच्या शेजारीच पॅकरॅट राहतो. त्याचं मूत्रपिंड बेताचंच. कोरड्या दाण्यांवर तो काही दिवसांत मरेल. तो फड्या निवडुंग खातो, ज्यात पाणी रगड असतं आणि ऑक्झॅलेटही रगड. हे विष त्याच्या आतड्यातले जिवाणू पचवतात. पाण्याची अडचण त्याने बाजूला सारली आणि तिच्या जागी विषाची पत्करली.

जाड्या वाळू-उंदराची तऱ्हा आणखी निराळी. हा दिवसा फिरतो आणि खारट मातीत उगवणाऱ्या झुडपांची मांसल पानं खातो. पानांत पाणी भरपूर, पण मीठ समुद्रालाही लाजवणारं. पान हातात धरून तो आधी दातांनी त्याची वरची साल खरवडून टाकतो, कारण सर्वांत जास्त मीठ त्या थरात असतं. मगच आतला गर खातो. उरलेलं मीठ बाहेर काढायला ती सगळीच्या सगळी लांब वळणं आहेतच. कॅलिफोर्नियातल्या एका कांगारू-उंदराने आणि अर्जेंटिनातल्या एका लाल व्हिस्काचा-उंदराने हीच खरवडण्याची युक्ती आपापल्या खंडात स्वतंत्रपणे शोधली आहे. पहिल्याचे खालचे पुढचे दात त्यासाठी पटाशीसारखे चपटे झाले आहेत. दुसऱ्याच्या तोंडात दातांमागे राठ केसांचे झुबके आहेत, आणि तेही पान सोलायला मदत करतात.

वाळू-उंदराच्या वाट्याला एक विचित्र कीर्तीही आली. साठच्या दशकात तो ड्यूकच्या प्रयोगशाळेत आला आणि त्याला इतर उंदरांसारखा नेहमीचा गोळीबंद खुराक दिला गेला. तो लठ्ठ झाला, त्याच्या रक्तातली साखर चढली, डोळ्यांत मोतीबिंदू झाले. खारट पालापाचोळ्याच्या तुटपुंज्या उष्मांकांवर चालणाऱ्या देहाला साधा दाणाच जड गेला. १९६४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पाण्याच्या अभ्यासासाठी आणलेला प्राणी मधुमेहाच्या संशोधनात कायमचा रुजू झाला. २०१७ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा इन्शुलिनशी निगडित असलेलं पीडीएक्स-१ हे जनुक त्याच्यात कमालीचं बदललेलं आढळलं. मधुमेहाच्या वाढत्या आकड्यांनी धास्तावलेल्या आपल्या देशात या उंदराची ओळख आणखी व्हायला हरकत नाही.

पाण्याचा सर्वांत मोठा खर्च मादीवर येतो, तो पिलांना पाजताना. दूध म्हणजे मुख्यतः पाणीच. ऑस्ट्रेलियातल्या त्या उड्या मारणाऱ्या उंदराची मादी दूध दाट करते, आणि पिलांचं मलमूत्र चाटून त्यातलं पाणी परत घेते. पीटर बेव्हरस्टॉक आणि ब्रायन ग्रीन यांनी १९७५ मध्ये हा फेरा मोजून दाखवला. दुधात गेलेल्या पाण्याचा बराचसा भाग आईकडे परत येतो. किळस बाजूला ठेवून पाहिलं, तर एवढं काटेकोर मातृत्व विरळाच.

भारतात या विषयाचं घर जोधपूर. १९५९ मध्ये तिथे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था उभी राहिली, आणि ईश्वर प्रकाश व पी. के. घोष यांनी थरच्या कृंतकांवर तिथे वर्षानुवर्षं काम केलं. दोघांनी संपादित केलेला वाळवंटी कृंतकांवरचा ग्रंथ १९७५ मध्ये हेगहून प्रसिद्ध झाला, आणि जगभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर पोचला. थरचा सर्वांत ठळक रहिवासी म्हणजे वाळवंटी जर्बिल. कांगारू-उंदीर रात्री हिंडतो, तर हा दिवसाढवळ्या. हिवाळ्यात तो उन्हात मनसोक्त चरतो, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उरकून दुपारभर बिळात दडतो. केर-बोरीच्या झुडपांखाली त्यांच्या बिळांच्या वस्त्याच्या वस्त्या असतात. बियांच्या जोडीला ऋतूप्रमाणे पानं, मुळं, किडे असं जे मिळेल ते तो खातो. त्याच प्रदेशात रात्री फिरणारा मोठा भारतीय जर्बिल असतो. तो मात्र वाळवंटापुरता बांधलेला नाही, महाराष्ट्राच्या कोरडवाहू शिवारातही तो बिळं करून राहतो. एकाच कुळातले हे दोघं, एक वाळवंटाचा आणि एक कुठेही जमवून घेणारा, म्हणून तुलनेला फार सोयीचे. थरमध्ये या अभ्यासाला पैसा मिळाला तो अर्थात कुतूहलापोटी नव्हे. गवताची कुरणं आणि शेतातलं पीक हे उंदीर फस्त करतात, म्हणून.

श्मिट-नील्सन यांचा ताळेबंद पंचाहत्तर वर्षांत जुना झाला नाही, पण त्याला पुरवण्या जोडाव्या लागल्या. त्यांच्या मांडणीत बीळ ही कायम गार जागा होती. रँडल ट्रेसी आणि ग्लेन वॉल्सबर्ग यांनी सोनोरन वाळवंटात कांगारू-उंदरांचा माग काढला, तेव्हा उन्हाळ्यात हे प्राणी बऱ्याचदा मीटरभरही खोल नसलेल्या बिळांत दिवस काढताना दिसले. तिथलं तापमान तासन्‌तास ३० अंशांच्या वर होतं. वेगवेगळ्या ठिकाणचे कांगारू-उंदीर सारखे नसतात, हेही त्यांनीच दाखवलं. अधिक कोरड्या भागातल्यांच्या अंगातून पाणी कमी उडतं. म्हणजे तो गाजलेला जमाखर्च एका जागचा, एका हवेतला होता. जागा बदलली की आकडे बदलतात.

तरीही बिळाची किंमत किती, हे अलीकडे मोहावे वाळवंटाने दाखवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिथे जिथे पशुपक्ष्यांची नोंद केली होती, तिथेच शंभरेक वर्षांनी बर्कलीच्या अभ्यासकांनी पुन्हा गणना केली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार वाढत्या उष्णतेत पक्ष्यांच्या जाती ठिकठिकाणांहून ढासळल्या. लहान सस्तन प्राणी, म्हणजे बहुतेक कृंतकच, जवळपास होते तसे राहिले. पक्ष्यांना भर उन्हात अंग गार ठेवायला पाणी उडवावं लागतं. उंदीर त्या वेळी जमिनीखाली असतात.

थरमध्ये मात्र कहाणी वेगळ्या दिशेने गेली. तिथे बदल घडवला तो पाण्याने. इंदिरा गांधी कालवा आला, वाळूच्या टेकड्या सपाट होऊन शेतं झाली आणि सिंचनाखालच्या जमिनीत ओल मानवणारे, बांधाबांधात बिळं करणारे उंदीर पूर्वेकडून आत सरकले. त्या पट्ट्यांतून वाळवंटी जर्बिल मागे हटला. बारीक नाक, लांबट मूत्रपिंड आणि कोरड्या दाण्यावर निभावण्याची सवय यांचा ओलिताच्या शेतात त्याला काहीच उपयोग नव्हता.